वेळासला कासवांसाठी जावे का? दोन मुक्कामांनंतरचा अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीपासून जवळच, वेळास नावाचे छोटे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु गेल्या वीसेक वर्षांत फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिथे जाणारी बहुतेक माणसे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी जातात. मी तिथे दोनदा राहिलो. पहिल्यांदा मार्च २०१९ मध्ये, शहरातील एका सहल-आयोजकाबरोबर, एका रात्रीसाठी. आणि दुसऱ्यांदा मार्च २०२५ मध्ये, पत्नी व अकरा वर्षांच्या मुलीसह, आपले आपण, गावातल्या एका घरी दोन रात्रींसाठी. किनारा तोच, हॅचरी (कासवांची अंडी राखण्याची बंदिस्त जागा) तीच, महिनाही तोच असताना या दोन मुक्कामांतून हाती आलेले इतके निराळे होते की, जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या सहलीबद्दल लवकर सांगून टाकतो. आयोजकाने जाहिरातीत ‘हमखास कासवे’ असे छापले होते. आमची बस संध्याकाळी साडेसातला पोहोचली, म्हणजे त्या दिवशीची पिल्ले सोडण्याची वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाळीस जण किनाऱ्यावर गेलो, घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या गेल्या, एकाही घरट्यातून पिल्लू बाहेर आलेले नव्हते, आणि नऊ वाजता बस परतीला लागली. अंडी उबण्यास साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू जितकी उबदार तितके दिवस कमी, त्यामुळे पिल्ले बाहेर पडण्याचा दिवस कोणालाही नेमका सांगता येत नाही, ही साधी गोष्ट त्या आयोजकाने आम्हाला आधी सांगायला हवी होती. ती सांगितली असती तर बसमधील लहान मुले रडली नसती आणि मोठ्यांनी हॅचरीतल्या मुलांशी हुज्जत घातली नसती. ज्याला निसर्गातील एखादी घटना पाहायची आहे त्याने तिच्यासाठी थांबायची तयारी ठेवावी लागते, आणि एका रात्रीच्या सहलीत थांबायला जागाच नसते. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत ठाम सल्ला असा की, वेळासला किमान दोन रात्री राहावे, शक्यतो शनिवार-रविवार टाळून.

दुसऱ्या वेळी आम्ही माणगाव-म्हसळा मार्गे बागमांडल्याला आलो आणि तिथून फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. महाड-मंडणगड मार्गेही येता येते, मंडणगडहून एस.टी.ची सोय आहे. गावात हॉटेल म्हणावे असे काही नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. घरोघरी पाहुण्यांची सोय होते. आम्ही उतरलो ते घर जांभ्याच्या चिऱ्यांचे होते, पुढे पडवी, मागे सुपारीची बाग, आणि आंघोळीचे पाणी चुलीवर तापवलेले. झोपायला एका खोलीत जमिनीवर गाद्या होत्या. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आधीच विचारून पलंग असलेले घर पाहावे. जेवण शाकाहारी होते. पहिल्या रात्री कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि सोलकढी. दुसऱ्या दिवशी दुपारी उकडीचे मोदक. मी हे पदार्थ यादी म्हणून सांगत नाही. घरच्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी जे सांगितले त्यावरून या घरांचे दिवसाचे गणित कशावर चालते ते कळले. त्या म्हणाल्या, “सकाळी साडेसहाला नुसता चहा देते. आधी कासवं बघून या, न्याहारी आल्यावर. आणि उशीर झाला तरी घावणे गरमच मिळतील, घाई करून परत येऊ नका.” शहरातून आलेल्या पाहुण्याला नेमके हेच कोणीतरी सांगण्याची गरज असते.

घरापासून किनारा पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाट शेवटी सुरूच्या बनातून जाते आणि बन संपताच लांबलचक पुळण दिसते. हॅचरी म्हणजे या पुळणीवर भरतीच्या रेषेच्या बरीच वर, जाळीने बंदिस्त केलेला एक चौकोन. किनाऱ्यावर जिथे जिथे मादीने अंडी घातली तिथून ती काढून आणून या चौकोनात पुन्हा तशाच खड्ड्यांत पुरलेली असतात. खड्डा सुरईसारखा असतो, वर अरुंद आणि तळाशी फुगीर, सुमारे दीड फूट खोल, कारण मादी स्वतः मागच्या वल्ह्यांनी तो तसाच खोदते. प्रत्येक घरट्यावर एक पाटी असते आणि तिच्यावर घरट्याचा क्रमांक, अंडी सापडल्याचा दिवस व अंड्यांची संख्या लिहिलेली असते. पिल्ले बाहेर पडण्याची वेळ जवळ आली की त्या जागेवर बांबूची टोपली पालथी घालतात.

अंडी मूळ जागीच का राहू देत नाहीत, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला आणि तो विचारण्याजोगाच आहे. कोल्हे, भटकी कुत्री, रानडुकरे ती उकरून खातात. काही घरटी भरतीच्या पाण्याच्या आवाक्यात असतात. आणि एके काळी सर्वांत मोठा धोका माणसांचा होता. मात्र अंडी हलवणे हे नाजूक काम आहे. अंडी घातल्यानंतर काही तासांत आतील गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो. त्यामुळे अंडी लवकर शोधावी लागतात, काढताना त्यांची वरची बाजू वरच ठेवावी लागते आणि नेताना हिसका बसू द्यायचा नसतो. हे काम करणाऱ्या गावातल्या तरुणांना कासवमित्र म्हणतात. हंगामात ते रोज पहाटे अख्खा किनारा पायी तुडवतात. ही गोष्ट पर्यटकांना सहसा दिसत नाही, कारण तेव्हा आपण झोपलेलो असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्हाला एका कासवमित्राबरोबर चालण्याची परवानगी मिळाली. अट अशी की, मोबाइलचा दिवा लावायचा नाही, बोलायचे हळू आणि तो थांबेल तिथे थांबायचे. चंद्र मावळतीला होता आणि ओहोटी लागलेली होती. तासभर काहीच मिळाले नाही. मग एका ठिकाणी तो थांबला आणि त्याने ओल्या वाळूवरून वर चढत गेलेली एक रुंद पट्टी दाखवली; दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे, एक पुढे, एक मागे, असे आळीपाळीने उमटलेले. ऑलिव्ह रिडले मादी अशी एकेक बाजू उचलत चालते, तर हिरव्या कासवाची मादी दोन्ही वल्ही एकदम टाकत सरपटते आणि तिचे ठसे समोरासमोर पडतात, त्यामुळे नुसत्या मागावरून जात ओळखता येते, असे त्याने सांगितले. वर चढणारी पट्टी एका विस्कटलेल्या जागी संपत होती आणि तिथून दुसरी पट्टी पाण्याकडे उतरत होती. मादी येऊन गेली होती. अंडी घातल्यावर ती खड्डा बुजवते आणि आपल्या शरीराचा भार एकदा या कडेवर, एकदा त्या कडेवर टाकत वाळू धोपटून घट्ट करते. सबंध विधीला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. त्यानंतर ती अंड्यांकडे परत कधी येत नाही. कासवमित्राने हाताने अलगद वाळू बाजूला केली, तेव्हा पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, मऊ कवचाची अंडी दिसू लागली. त्याने एकशे चौदा मोजली. माझ्या मुलीने प्रत्येक आकडा त्याच्याबरोबर मनात मोजला आणि तिचाही हिशेब एकशे चौदाच आला.

या गावात ही अंडी पूर्वी खाल्ली आणि विकली जात असत, हे गावकरी लपवत नाहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे काम सुरू केले, आणि संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी शोधण्यात तरबेज असलेल्या माणसांनाच अंडी राखण्याच्या कामावर आणले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचे पैसे थेट घराघरांत जाऊ लागले. ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्याला कायद्याने आहे. पण नुसत्या कायद्याने पहाटे साडेचारला कोणी किनारा चालत नाही. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि गावकरी आता हे काम चालवतात, आणि वेळासचे पाहून आंजर्ले, गुहागर अशा इतर गावांतही ते रुजले आहे.

पिल्ले सोडण्याची वेळ सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. दुपारी वाळू तापते आणि पिल्ले होरपळतात, म्हणून या दोनच वेळा. पहिल्या संध्याकाळी एकामागून एक सहा टोपल्या उचलल्या गेल्या आणि एकाही खाली काही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिसऱ्या टोपलीखाली काळसर राखाडी, तळहातावर सहज मावतील अशी एकोणतीस पिल्ले एकमेकांवर चढत होती. त्यांना एका टोपलीत घेऊन कासवमित्र पाण्याच्या दिशेने गेला आणि लाटांपासून काही अंतर राखून त्याने त्यांना वाळूवर ठेवले. दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली असते आणि आपण दोरीबाहेर उभे राहायचे असते. पाण्यातच का सोडत नाहीत, असे शेजारच्या गृहस्थांनी विचारले. वाळूवरून स्वतःच्या बळावर पाण्यापर्यंत जाताना या किनाऱ्याची ओळख पिल्लाच्या ठायी उमटते आणि मोठी झालेली मादी त्या ओळखीच्या आधाराने याच भागात परत येते, असा तर्क त्यामागे आहे. सागरी कासवांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जाणवते, हे लॉगरहेड जातीच्या पिल्लांवरील प्रयोगांतून चांगले सिद्ध झालेले आहे, आणि माद्या आपल्या जन्मप्रदेशाकडे परततात हे आनुवंशिक अभ्यासांतून दिसते.

पिल्लांना पाण्यापर्यंत पोहोचायला दहा-बारा मिनिटे लागली. काही सरळ गेली, काही वाट चुकून वळली, एक लाटेबरोबर पुन्हा वर फेकले गेले आणि उलटे पडून वल्ही हलवत राहिले. कासवमित्राने त्याला सरळ केले, इतकीच मदत केली. जमलेल्या पन्नास-साठ माणसांत कोणी बोलत नव्हते. शेवटचे पिल्लू दिसेनासे झाल्यावर माझ्या मुलीने कासवमित्राला विचारले, “काका, ही परत इथेच येणार का?” तो म्हणाला, “मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात बाळा. तू पंचवीसची होशील तेव्हा विचार.” मग तिने विचारले की, तोपर्यंत ती कुठे असतील, आणि या प्रश्नाने आमच्या मुक्कामाचा उरलेला दिवस व्यापला.

वेळासला येणाऱ्या बहुतेकांचे पाहणे पिल्ले पाण्यात शिरली की संपते. मला मात्र वाटते की, इथे राहण्याचे खरे मोल त्यानंतरच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट विचारली तरच कळते. २५ जानेवारी २०२२ रोजी याच किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवण्यात आले. कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा प्रकल्प होता आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे पहिल्यांदाच होत होते, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. असेच यंत्र बसवलेल्या आंजर्ल्याच्या मादीचे नाव ‘सावनी’, आणि नंतर गुहागरच्या तिघींची ‘रेवा’, ‘लक्ष्मी’ आणि ‘वनश्री’. आमच्या कासवमित्राने त्या रात्रीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. जी मादी वर्षानुवर्षे येऊन जाते आणि जिचे फक्त ठसे आपण पाहतो, ती पुढे कुठे जाते हे पहिल्यांदाच कळणार होते, असे तो म्हणाला.

हे यंत्र कसे चालते ते समजून घेतले तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळते. पाठीच्या कवचावरील सर्वांत उंच भाग घासून स्वच्छ करतात आणि त्यावर इपॉक्सी या घट्ट चिकटणाऱ्या गोंदाने यंत्र चिकटवतात. त्यावर छोटी अँटेना असते. पाण्याखाली रेडिओ संदेश जात नाही, म्हणून यंत्रात खाऱ्या पाण्याने उघडमीट होणारे बटण असते. कासव पाण्याखाली असेतोवर यंत्र गप्प राहते आणि श्वास घ्यायला ते वर आले की तेवढ्या काही क्षणांत संदेश सोडते. वरून जाणारे ‘आर्गोस’ प्रणालीचे उपग्रह तो टिपतात. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना संदेशाच्या लहरींत जो बदल होतो त्यावरून कासवाचे स्थान काढले जाते. कासव थोडाच वेळ वर राहिले, किंवा उपग्रह त्या वेळी डोक्यावर नसला, तर काहीच मिळत नाही. त्यामुळे नकाशावर दिसणारी रेघ ही अशा तुटक ठिपक्यांना जोडून काढलेली असते. बॅटरी संपते, अँटेना मोडते, कवचाचा वरचा थर झडताना यंत्रही गळून पडते. संदेश थांबला म्हणजे कासव मेले असे समजू नये, आणि जिवंतच आहे असेही म्हणता येत नाही. त्या पाच माद्यांचे संदेशही असेच एकेक करून थांबले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांना, ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ यांना, अशी यंत्रे बसवली गेली, आणि बागेश्रीने अभ्यासकांना पुष्कळ काही दिले. ती किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेला जात राहिली, केरळ मागे टाकून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशाच्या किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले माद्या श्रीलंकेच्या दिशेने येतात हे पूर्व किनाऱ्यावर २००१ पासून केलेल्या उपग्रह-मागोव्यातून माहीत होते. पश्चिमेची मादी उलट दिशेने तिथवर जाते हे आता दिसले.

आम्ही गेलो त्याच्या दीड महिना आधी, जानेवारी २०२५ मध्ये, गुहागरला जी मादी आली ती तर उपग्रहाच्या मदतीशिवाय ओळखली गेली. तिच्या वल्ह्याला धातूचा छोटा बिल्ला होता आणि त्यावर ०३२३३ हा क्रमांक. हा बिल्ला तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे घातलेला होता. गहिरमाथा म्हणजे जिथे हजारो-लाखो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढून अंडी घालतात अशा जगातील मोजक्या ठिकाणांपैकी एक. आणि गुहागर म्हणजे जिथे रात्रीला एखाददुसरी मादी येते असा किनारा. दोहोंमधले सागरी अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. एकच मादी देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालते, याचा हा पुरावा पहिल्यांदा हाती आला. पुढे तिच्या घरट्यातून शंभरावर पिल्ले बाहेर पडल्याचे मी वाचले. मला या घटनेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, एका टोकाला कोणीतरी बिल्ला घातला आणि चार वर्षांनी दुसऱ्या टोकाला पहाटेच्या अंधारात कोणीतरी तो वाचला. महागडे यंत्र नसले तरी चालते, वाचणारा माणूस तिथे हवा.

मागोव्याची मर्यादाही आमच्या कासवमित्राने न विचारता सांगितली, आणि त्याबद्दल मला त्याचा विशेष आदर वाटतो. यंत्र बसवता येते ते किनाऱ्यावर चढणाऱ्या मादीला. नर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात गेला की सहसा जमिनीवर येतच नाही, त्यामुळे नरांच्या प्रवासाविषयी फार थोडे हाती आहे. आणि त्या सकाळी आम्ही पाहिलेल्या एकोणतीस पिल्लांच्या पाठीवर असे यंत्र मावणार नाही. त्यांची पहिली काही वर्षे मागाबाहेरच राहतात. शिवाय त्या एकोणतिसांत किती माद्या होत्या हे बाहेरून पाहून कळत नाही. सागरी कासवांत पिल्लाचे लिंग अंडे उबताना वाळूचे तापमान किती होते त्यावर ठरते. उबदार वाळूत माद्या अधिक, थंड वाळूत नर अधिक. हॅचरीत घरटी कुठे पुरायची, त्यावर सावली किती ठेवायची, हे निर्णय त्यामुळे दिसतात तेवढे साधे नसतात. डिसेंबरात पुरलेले घरटे आणि मार्चमध्ये पुरलेले घरटे यांतून सारखी पिल्ले निघणार नाहीत.

संध्याकाळच्या वेळी माहितीपट दाखवला जातो. तो चांगला आहे, परंतु मला वाटते की किनाऱ्याच्या वाटेवर, सुरूच्या बनाआधी, एक मोठा नकाशा उभा करावा. त्यावर प्रथमाचा आणि बागेश्रीचा मार्ग काढावा, गहिरमाथ्यापासून गुहागरपर्यंतचे अंतर दाखवावे, आणि बिल्ला असलेले कासव सापडले तर कोणाला कळवायचे तेही लिहावे. कोकणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात अशी कासवे अडकतात. बिल्ल्याचा क्रमांक वाचून तो कळवणारा एक मच्छीमार शंभर पर्यटकांहून अधिक उपयोगी ठरेल. ही तक्रार नव्हे, मागणी आहे, आणि ती मी तिथेही बोलून दाखवली.

तक्रार आहे ती पाहुण्यांविषयी. शनिवारी सकाळी शहरातून आलेल्या एका मोठ्या गटातील काही जणांनी दोरी ओलांडली, फ्लॅश मारून छायाचित्रे काढली आणि पिल्लू हातात द्या म्हणून आग्रह धरला. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. उघड्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असतो, पण मोबाइलचा झोत आला की ती त्याकडे वळतात आणि जन्मतः मिळालेली तुटपुंजी शक्ती त्यात खर्च होते. ही शक्ती त्यांना पहिले एक-दोन दिवस न थांबता पोहून किनाऱ्यापासून दूर जाण्यासाठी हवी असते. प्रौढ होईपर्यंत हजारांतले एखादेच टिकते असे म्हणतात. त्यातले एक आपल्या छायाचित्रापायी थकून जावे, हे कोणालाही मान्य होणार नाही; म्हणून गटाने जाणाऱ्यांनी हे आधीच आपल्या लोकांना समजावून न्यावे. लहान मुलांना नेण्यास हरकत नाही. मुले सांगितलेले पाळतात, हे मी दोन्ही वेळा पाहिले.

खर्चाविषयी : आम्ही उतरलो त्या घरात दोन्ही वेळचे जेवण, चहा आणि न्याहारी धरून माणशी दिवसाला हजार रुपये झाले, दर घराघरांत थोडे वेगळे आहेत आणि फोनवर आधी ठरवून घ्यावेत. मोबाइलला रेंज कमी असते, त्यामुळे रोख रक्कम जवळ ठेवावी. जायच्या आधी दोन दिवस फोन करून कोणत्या घरट्यांची मुदत भरत आली आहे ते विचारावे. मोकळ्या वेळात बाणकोटचा किल्ला आणि दक्षिणेला केळशीचे महालक्ष्मी मंदिर पाहून होते, पण दोन्ही वेळा किनाऱ्यावर परत येण्याची वेळ साधून. रात्री किनाऱ्यावर जायचे तर कासवमित्राबरोबरच जावे. एकट्याने जाऊन मादीच्या वाटेत आलो तर ती अंडी न घालताच माघारी फिरते.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा हॅचरीवर गेलो. मुलीचे लक्ष एका पाटीवर होते. ते घरटे एकशे सहा अंड्यांचे होते, त्याला एकावन्न दिवस झाले होते आणि आमच्या तिन्ही खेपांना त्यावरची टोपली रिकामी निघाली होती. त्याही सकाळी ती रिकामीच निघाली. तिने घरट्याचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि काकूंना आमचा फोन नंबर दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. पहिल्या दिवशी त्रेसष्ट निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस, एवढे सांगून त्या म्हणाल्या, “मुलीला द्या फोन, बाकीचं तिलाच सांगते.”